फॉलो-अपचा फोन हा फालतू खर्च नाही

संपादक महोदय,

जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत 90 दिवसांसाठी थांबवली, तेव्हापासून एचआयव्हीच्या निधीबद्दल बातम्या येतायत, कुठले प्रकल्प बंद पडले, किती पैसा गेला वगैरे, आणि त्या वाचून लोक दोनच प्रश्न विचारतात. औषधं मिळत राहतील का, आणि टेस्ट होत राहतील का. दोन्ही प्रश्न बरोबरच आहेत. पण या दोघांच्या मध्ये एक तिसरी गोष्ट आहे जिच्याबद्दल कुणी विचारत नाही, ती म्हणजे टेस्ट झालेला, गोळ्या सुरू झालेला माणूस पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षी, दहा वर्षांनी परत येतो का, आणि नाही आला तर त्याला फोन कोण करतं. मी त्याबद्दल लिहितेय. पत्र लांबेल, पण जमलं तर कापू नका.

मी डॉक्टर नाही, नर्स नाही. मी अकाउंट्समधली. एचआयव्ही असलेल्या लोकांना उपचारात मदत करणाऱ्या एका संस्थेत (नाव घेत नाही) मी बरीच वर्षं हिशोब बघितले. तिथे खर्चाच्या यादीत एक ओळ असायची, फॉलो-अप फोन आणि गृहभेटी. दोन माणसांचा पगार, फोनची बिलं, जाण्यायेण्याचं भाडं. दर वर्षी बजेट बसवताना कुठून तरी कापायला लागायचंच आणि दर वर्षी माझं बोट पहिल्यांदा त्या ओळीवर जायचं, कारण औषध दाखवता येतं, टेस्टचा आकडा दाखवता येतो, पण फोनचं काय दाखवणार? मीच त्या ओळीसमोर शेरा मारला होता, "या खर्चातून नेमकं काय निष्पन्न झालं ते कळवावे." पुढच्या वर्षी ती ओळ गेली. आणि मग काय झालं तर त्या वर्षीचा आमचा हिशोब छान दिसला, खर्च कमी झाला, औषधांचा खर्चसुद्धा कमी झाला आणि वरच्यांनी कौतुक केलं. औषधांचा खर्च का कमी झाला हे तेव्हा कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. पेशंट येईनासे झाले होते म्हणून तो कमी झाला होता.

ही गोष्ट मला अजून लागते आणि म्हणूनच हे पत्र. माणूस उपचारातून सुटला की तो हिशोबात बचत म्हणून दिसतो. दुसऱ्या कुठल्या धंद्यात गिऱ्हाईक गेलं की तोटा दिसतो, इथे गेलं की फायदा दिसतो, आणि जोपर्यंत हिशोब असाच मांडला जातोय तोपर्यंत ती ओळ प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा कापली जाणार.

एक साधं गणित मांडून दाखवते. आकडे समजण्यापुरते धरलेत, कुठल्याही जागेचे नाहीत, आणि रुपये म्हणा डॉलर म्हणा काही फरक पडत नाही. धरा 1000 माणसं उपचारात नोंदली आहेत. एका माणसाला वर्षभर औषधं आणि तपासण्या मिळून 100 लागतात. फॉलो-अप नसेल तर वर्षाअखेर 700 टिकतात, फॉलो-अप असेल तर 800. फॉलो-अपला नोंदलेल्या माणसामागे 5, म्हणजे एकूण 5,000. (मधेच सुटलेल्यांवर झालेला खर्च मी सोपं व्हावं म्हणून सोडून दिलाय.) आता फॉलो-अपसकट खर्च झाला 85,000 आणि फॉलो-अप बंद केलं तर 70,000. कागदावर 15,000 वाचले! पण त्यातले 5,000च फोनचे, उरलेले 10,000 ही त्या 100 माणसांची औषधं आहेत जी त्यांनी घेतलीच नाहीत.

आता तेच उलट बाजूने बघा. 15,000 जास्त देऊन 100 माणसं जास्तीची टिकली, म्हणजे माणशी 150, त्यात शोधायला-सांभाळायला 50 आणि औषधाला 100. हे महाग की स्वस्त हे ठरवायचं तर सुटलेल्या माणसाचं पुढे काय होतं ते हिशोबात आलं पाहिजे, आणि तेच येत नाही.

काय होतं हे माहीत नाही असं मुळीच नाही. 2006 मध्ये स्मार्ट नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले, साडेपाच हजारांच्या आसपास लोक होते त्यात. एका गटाने औषधं सलग घेतली आणि दुसऱ्या गटाने सीडी4 पेशी (रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी) चांगल्या असल्या की थांबवली आणि खाली आल्या की परत सुरू केली. तेव्हा अनेकांना वाटत होतं की मधे सुट्टी दिली तर साइड इफेक्ट कमी होतील, पैसेही वाचतील. झालं उलटंच, थांबवणाऱ्या गटात गंभीर आजार किंवा मृत्यूचा धोका अडीचपट झाला आणि तो अभ्यास ठरल्याआधी आटोपता घ्यावा लागला. ही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजूनमापून दिलेली सुट्टी होती बरं का. जो माणूस लाज वाटून किंवा नोकरीच्या वेळेमुळे यायचा बंद होतो त्याच्या सुट्टीवर तर कुणाचीच देखरेख नसते, तो परत येतो तेव्हा टीबी किंवा मेंदूज्वर घेऊन येतो, सरळ वॉर्डात, आणि वॉर्डातला खर्च हा दुसऱ्याच खात्यात पडतो. ज्या खात्याने फोन बंद करून पैसे वाचवले त्याला तो खर्च दिसतसुद्धा नाही.

दुसरी बाजू म्हणजे लागण. औषधं नीट चालू असली आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दाबलेला राहिला तर शरीरसंबंधातून एचआयव्ही पसरत नाही. हे आता पक्कं झालंय, 2011 मध्ये एचपीटीएन 052 नावाच्या अभ्यासाने लवकर उपचारामुळे जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी कमी होते असं दाखवलं (अंतिम निकालात 93 टक्के), आणि 2016 आणि 2019 च्या पार्टनर अभ्यासांमध्ये तर हजारो वेळा कंडोमशिवाय संबंध येऊनही व्हायरल लोड दाबलेल्या जोडीदाराकडून एकही लागण झालेली सापडली नाही. शून्य. पण हे शून्य टिकतं ते गोळ्या चालू आहेत तोपर्यंतच, थांबल्या की काही आठवड्यांत व्हायरस परत वर येतो.

अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, 2016 सालासाठी एक अंदाज काढला होता, तो मला प्रत्येक बजेट मीटिंगच्या भिंतीवर लावावासा वाटतो. त्या वर्षी तिथे एचआयव्ही असलेल्यांपैकी साधारण 15 टक्के लोकांना आपल्याला लागण आहे हे माहीतच नव्हतं, त्यांच्याकडून 38 टक्के नवीन लागणी झाल्या. माहीत आहे पण उपचारात नाहीत असे 23 टक्के, त्यांच्याकडून 43 टक्के लागणी. उपचारात आहेत पण व्हायरल लोड दाबला गेलेला नाही असे 11 टक्के, त्यांच्याकडून 20 टक्के. आणि व्हायरल लोड दाबलेले 51 टक्के लोक, त्यांच्याकडून शून्य. म्हणजे सगळ्यात मोठा वाटा त्यांचा ज्यांची टेस्ट झालेली आहे, ज्यांचं नाव कुठल्या तरी रजिस्टरमध्ये आहे, ज्यांना फोन लावता येऊ शकतो. नवीन माणूस शोधून काढायला टेस्टिंगचे कॅम्प लावावे लागतात, आणि ते लावलेच पाहिजेत, पण या 23 टक्क्यांचा पत्ता आपल्याकडे आधीच आहे हो.

त्याच अंदाजात आणखी एक आकडा आहे, माहीत असून उपचारात नसलेल्या 100 माणसांमागे वर्षाला साधारण 6.6 नवीन लागणी. आता माझ्या वरच्या गणिताकडे या. एका नवीन लागणीला पुढची 40 वर्षं दर वर्षी 100 प्रमाणे औषध लागेल असं धरलं तर 4,000. अर्थतज्ज्ञ म्हणतात भविष्यातला पैसा आजच्या भावाने मोजा, 3 टक्के डिस्काउंट लावा, लावला, तर साधारण 2,300. मग 15,000 वसूल व्हायला किती लागणी टळायला हव्यात? साडेसहा, आणि वरचा अंदाज आहे 6.6 चा. म्हणजे 100 माणसं वर्षभर टिकवण्याचा सगळा खर्च, औषधासकट, जवळजवळ निघून येतो आणि यात त्या 100 जणांच्या स्वतःच्या तब्येतीचा एक पैसा धरलेला नाही, वॉर्ड धरलेला नाही, त्यांचं कमावणं धरलेलं नाही. आता लगेच कुणी म्हणेल की दोन वेगळ्या ठिकाणचे आकडे जोडले. मान्य, एक धरलेला आहे आणि एक अमेरिकेतला अंदाज, आणि उपचारात टिकलेल्या प्रत्येकाचा व्हायरल लोड दाबलेला असतोच असंही नाही, जिथे लागणी कमी पसरतात तिथे हा आकडा खाली येईल. पण पद्धत हीच आहे. खर्च किती, आणि तो भरून यायला किती लागणी टळाव्या लागतील हे आधी काढायचं आणि मग एवढ्या टळणं शक्य वाटतं का हे विचारायचं. याला थ्रेशोल्ड काढणं म्हणतात, आणि छोट्या संस्थेलासुद्धा हे एका कागदावर करता येतं, त्यासाठी मोठं मॉडेल लागत नाही. मला हे आधी कुणी शिकवलं असतं तर मी तो शेरा मारला नसता.

इथे एक गल्लत नेहमी होते ती सांगते. पैसे वाचणं आणि पैसे सत्कारणी लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा कार्यक्रम पैसे वाचवत नसेल तरी तो किफायतशीर असू शकतो. आरोग्याच्या अर्थशास्त्रात क्यूएएलवाय म्हणून एक माप असतं, म्हणजे चांगल्या तब्येतीत जगलेलं एक वर्ष, आणि विचारायचं एवढंच की असं एक वर्ष मिळवायला या कार्यक्रमात किती लागले आणि तेवढे आपण बाकीच्या आजारांवर देतोच की नाही. हार्टच्या ऑपरेशनला कुणी विचारत नाही की यातून फायदा किती झाला. मग एचआयव्हीच्या पेशंटला फोन करणाऱ्या बाईच्या पगारानेच स्वतःला वसूल करून दाखवावं ही अट का? मला तर वाटतं की या अटीमागे हिशोब कमी आणि या आजाराबद्दलचं मन जास्त आहे.

बरं, फोन करून खरंच लोक टिकतात का? की हे आपलं वाटणं? यावर अभ्यास झालेत आणि मला त्यातला सगळ्यात आवडतो तो अमेरिकेतल्या सहा क्लिनिकमधला, 2014 मध्ये छापून आलेला. त्यात काही पेशंटना नेहमीसारखीच सेवा, काहींना जास्तीचा संपर्क, म्हणजे आले की ओळखीचा एक माणूस थोडा वेळ भेटणार, मधे एक फोन, तारखेच्या आधी आठवण, आणि तारीख चुकली की लगेच फोन. तिसऱ्या गटाला हे सगळं आणि वर कौशल्यं शिकवण्याची ट्रेनिंग. जास्तीच्या संपर्काने भेटी नीट पाळण्याचं प्रमाण वाढलं. आणि ट्रेनिंगवाल्या गटात? तेवढंच, जास्त नाही. म्हणजे महागडा भाग जोडून काही वेगळं मिळालं नाही, जे काम झालं ते ओळखीच्या आवाजाने झालं. हिशोबाच्या माणसासाठी यापेक्षा चांगली बातमी असूच शकत नाही, स्वस्तातला भागच कामाचा निघाला.

केनियातला एक प्रयोग आहे, 2010 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. नर्स दर आठवड्याला पेशंटला एक मेसेज पाठवायची, "माम्बो?" म्हणजे कसं काय. पेशंटने उत्तर द्यायचं, "सावा" म्हणजे ठीक किंवा "शिदा" म्हणजे अडचण आहे. अडचण आली किंवा उत्तरच आलं नाही तर नर्स फोन करायची. बस. मेसेजमध्ये एचआयव्हीचं नाव नाही, गोळी घेतली का असा दटावणारा प्रश्न नाही, फक्त कसं काय. मेसेजवाल्या गटात 62 टक्के लोकांनी गोळ्या नीट घेतल्या, दुसऱ्या गटात 50, आणि व्हायरल लोड दाबला गेला तो 57 विरुद्ध 48 टक्क्यांत. मला यातला "शिदा" फार महत्त्वाचा वाटतो. कारण आठवण करून देणारे मेसेज आज सगळेच पाठवतात, बँकही पाठवते, पण त्यावर "अडचण आहे" असं उत्तर देता येत नाही आणि दिलं तरी पलीकडे ते वाचणारं कुणी नसतं. मशीनने मेसेज पाठवायचे आणि फॉलो-अप झालं म्हणायचं याला माझा विरोध आहे तो म्हणूनच.

काही ठिकाणी तर उलटा विचार केलाय, की माणूस येत नाही ना, मग त्याला यायलाच कमी लावा. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या खायेलित्शा वस्तीत 2007 पासून ॲडहेरन्स क्लब सुरू झाले, तब्येत स्थिर असलेले पंचवीस-तीस पेशंट एकत्र भेटतात, तिथेच तपासणी, तिथेच गोळ्यांची पाकिटं, आणि डॉक्टरच्या रांगेत दिवस जात नाही. सुरुवातीच्या काही वर्षांच्या अभ्यासात क्लबमधले 97 टक्के लोक उपचारात टिकले आणि बाहेरचे 85. (क्लबमध्ये आधीच स्थिर असलेले लोक घेतात, त्यामुळे तुलना जपून करायची.) मोझांबिकमध्ये तेते भागात 2008 पासून सहा-सहा पेशंटचे गट केले, दर वेळी गटातला एक जण क्लिनिकला जातो, स्वतःची तपासणी करून घेतो आणि सगळ्यांच्या गोळ्या घेऊन येतो. पाच जणांचा दिवस वाचला, भाडं वाचलं, क्लिनिकची गर्दी कमी झाली आणि वर कोण गळतंय हे गटाला सगळ्यात आधी कळतं. मलावी आणि झांबियात एकदम सहा महिन्यांच्या गोळ्या देऊन बघितल्या, लोक सुटण्याचं प्रमाण वाढलं नाही. म्हणजे इथे खर्च कमी होतो आणि काम तेवढंच किंवा जास्त होतं. असे पर्याय असताना अजूनही धडधाकट, व्हायरल लोड दाबलेल्या माणसाला दर महिन्याला रांगेत उभं करणं म्हणजे त्याचा दिवस, नर्सचा वेळ आणि त्याचा धीर तिन्ही वाया घालवणं आहे. तो एक दिवस कंटाळतो आणि येत नाही, मग त्याला शोधायला आपण खर्च करतो. आधीच त्रास कमी दिला असता तर?

पण सगळं जमतं असंही मी म्हणणार नाही, कारण मग माझ्यावर कुणी विश्वास ठेवू नये. 2016 मध्ये अमेरिकेतल्याच 11 हॉस्पिटलांमधला अभ्यास आला, एचआयव्ही आहे आणि सोबत नशेचं व्यसन आहे असे 801 ॲडमिट पेशंट. काहींना सोबत चालणारा मार्गदर्शक दिला, काहींना मार्गदर्शक आणि वर पैशाचं बक्षीसही. वर्षाने बघितलं तर तिन्ही गट जवळजवळ सारखेच, नेहमीच्या सेवेत 34 टक्क्यांच्या आसपास लोकांचा व्हायरल लोड दाबलेला, आणि बाकीच्या दोन गटांत 36 आणि 39, म्हणजे फरक आहे असं म्हणता येणार नाही इतकाच. कारण ज्याला राहायला घर नाही, व्यसन सुटत नाही, त्याला हात धरून क्लिनिकपर्यंत नेऊन काही होत नाही, आधी त्याच्या त्या प्रश्नाचं बघायला लागतं. यावरून "बघा, असले कार्यक्रम फुकट" असं म्हणणारे मी ऐकलेत. मला तसं वाटत नाही. माणूस का सुटला हे न विचारता सगळ्यांना एकच उपाय लावला तर पैसे वाया जाणारच. विसरणाऱ्याला मेसेज पुरतो, शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला संध्याकाळचं क्लिनिक लागतं आणि व्यसनात अडकलेल्याला व्यसनाचा उपचार.

आणखी एक गोष्ट हिशोबात नेहमी चुकते. रजिस्टरमध्ये "सुटला" लिहिलेला प्रत्येक माणूस सुटलेला नसतो. कुणी दुसऱ्या क्लिनिकला जाऊन नीट गोळ्या घेत असतो आणि पहिल्या जागी कुणाला कळवलेलं नसतं, कुणी वारलेला असतो. माणसं प्रत्यक्ष शोधायला गेलं की हे कळतं. म्हणून जुन्या यादीतल्या प्रत्येकाच्या मागे धावण्यात बराच खर्च जातो, आणि यादी नुसती ताजी ठेवली, दोन क्लिनिकनी एकमेकांना विचारलं तरी निम्मा त्रास वाचतो. तारीख चुकल्यावर आठवड्याभरात केलेला फोन आणि वर्षाने केलेली शोधाशोध यात खर्चाचा फार फरक आहे, आणि नेमका पहिलाच आपण बंद करतो.

मी ती ओळ कापल्यावर दोन वर्षांनी, पेशंटची संख्या फारच घसरली तेव्हा, परत एक माणूस नेमला आणि मला सांगितलं की त्याचा खर्च योग्य होतोय का हे बघायला आठवडाभर त्या खोलीत बसा. बसले. तिथे एक काउन्सेलर ताई फोन करायच्या. फोन दुसऱ्या कुणी उचलला तर नुसतं नाव विचारून ठेवून द्यायच्या, आजाराचा शब्दही नाही. माणूस स्वतः फोनवर आला की पहिलं वाक्य, "बरे आहात ना?" मग गप्प बसायच्या. तारीख चुकली असं पाच मिनिटं म्हणायच्याच नाहीत. मला आधी वाटलं हा वेळ जातोय, मी वहीत मिनिटं लिहीत होते. मग कारणं ऐकायला लागले. एकाला आता बरं वाटतंय तर गोळ्या कशाला असं वाटलं होतं. एकीच्या सासूला डबी सापडली होती. एकाचा नंबर बदलला होता आणि तो कळवायला घाबरत होता. बऱ्याच जणांना मागच्या वेळी उशिरा आले म्हणून काउंटरवर सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली होती आणि ते परत यायला तयार नव्हते, आणि हे एकदा दोनदा नाही, त्या आठवड्यात इतक्या वेळा ऐकलं की मी मिनिटं लिहायची सोडून हे लिहायला लागले. आपण माणसाला ओरडून हाकलतो आणि मग त्याला शोधायला पगार देतो. काउंटरवरचं ते ओरडणं थांबवायला काहीही खर्च नाही.

त्याच आठवड्यात एक गृहस्थ आले. चार महिने आले नव्हते, ताईंनी सहा-सात वेळा फोन केले होते, ते कट करायचे. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मला वाटलं आता तुम्ही मला घेणार नाही, नाव काढून टाकलं असेल." ताई म्हणाल्या, "नाव कसं काढू, तुमची फाईल इथेच आहे," आणि कपाटातून काढून समोर ठेवली. ते त्या फाईलकडे बघत बसले. त्या दिवशी मी माझ्या वहीत त्या सहा-सात फोनचा खर्च काढला होता. तो त्यांच्या एका महिन्याच्या गोळ्यांच्या खर्चापुढे काहीच नव्हता.

यूएनएड्स या संयुक्त राष्ट्रांच्या एचआयव्ही-एड्सवरच्या संस्थेच्या हिशोबात 2024 च्या अखेरीस जगात 4 कोटी 8 लाख लोक एचआयव्हीसह जगतायत आणि त्यातले 3 कोटी 16 लाख उपचारावर आहेत. उरलेले 92 लाख. त्यातल्या सगळ्यांची टेस्ट राहिलीय असं नाही, बरेच जण एकदा आत येऊन बाहेर गेलेले आहेत. अमेरिकेच्या मदतीतून चालणारे कार्यक्रम कायमचे बंद पडले तर 2029 पर्यंत जास्तीच्या 60 लाख लागणी आणि जास्तीचे 40 लाख मृत्यू होतील असा त्याच संस्थेचा अंदाज आहे. तेव्हा पैसे कमी येणार असतील तर काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवावंच लागेल, ते मी नाकारत नाही, मी आयुष्यभर तेच केलंय. ठरवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे की औषधांच्या बरोबरीने ती फोनची ओळ ठेवा, पण तिला आंधळेपणाने पैसे देऊ नका, स्थिर लोकांना महिन्याऐवजी तीन किंवा सहा महिन्यांच्या गोळ्या द्या आणि त्यातून नर्सचा जो वेळ सुटेल तो अडखळणाऱ्या लोकांना द्या. पैसे तेच राहतील. आणि रिपोर्टमध्ये "नोंदलेल्या पेशंटमागे खर्च" हा आकडा बंद करून "व्हायरल लोड दाबलेल्या पेशंटमागे खर्च" लिहा, कारण पहिल्या आकड्यात माणूस गळला की रिपोर्ट सुधारतो.

आणि संपादक महोदय, तुम्हालाही एक विनंती. एचआयव्हीच्या एखाद्या कार्यक्रमाची बातमी छापताना किती लोकांची टेस्ट झाली आणि किती जणांवर उपचार सुरू झाले हे तुमचा वार्ताहर विचारतोच, त्याला पुढचा एक प्रश्न विचारायला सांगा, मागच्या वर्षी सुरू केलेल्यांपैकी आज किती जण येतायत. पहिल्यांदा विचारल्यावर उत्तर मिळणार नाही, आमच्याकडेही मिळालं नसतं, कारण तो आकडा आम्ही काढतच नव्हतो. तुम्ही दोन-तीनदा विचारलंत तर काढायला लागतील.

माझं नाव छापू नये, ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्यापैकी कुणी माझ्यामुळे ओळखू येऊ नये म्हणून.

आपली,
एक नियमित वाचक